दर शाळेतून एक

चष्म्याच्या दुकानात मागे एक अंधारी खोली असते, तपासणीची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, समोरच्या भिंतीवरची अक्षरं उजळली आणि नाकावर भिंगं अडकवायचा तो जड लोखंडी सांगाडा चढला, की माणसाची जीभ सैल सुटते. का ते देव जाणे. चष्मेवालीने त्या खोलीत उभं राहून अर्ध्या गावाची भांडणं, आजारपणं आणि भानगडी ऐकल्या होत्या. हात भिंगं बदलत राहायचे, तोंड "हे बरं दिसतं की हे बरं?" विचारत राहायचं आणि कान आपलं काम करायचे.

तर त्या खुर्चीत एकदा डॉक्टरकीच्या कॉलेजातला कारकून बसला होता. बोलता बोलता म्हणाला, ताई, आमच्याकडे नवा नियम होतोय. दोन वर्षांनी जी मुलं दाखल होतील त्यांच्यापासून. जिल्ह्यातल्या दर शाळेतून एक विद्यार्थी सरळ आत. शेवटच्या परीक्षेत शाळेत जो पहिला येईल तो. शाळा राजवाड्यासारखी असो नाहीतर गोठ्यासारखी, त्याच्याशी देणंघेणं नाही. फक्त शेवटची दोन वर्षं त्याच शाळेत काढलेली हवीत. उरलेल्या जागांसाठी मग सगळ्यांची मिळून मारामारी, ती आहेच.

"हे बरं दिसतं की हे बरं?" चष्मेवालीने विचारलं, पण तिच्या हातातली दोन्ही भिंगं एकाच नंबराची होती.

तिला एकच मुलगी. सोळाव्या वर्षीही घरात तिला छकुलीच म्हणायचे, आणि छकुलीला डॉक्टर करायचं हे चष्मेवालीने ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. नवऱ्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. तो बिचारा दुकानाच्या मागच्या बाजूला भिंगं घासत बसायचा आणि यंत्र बंद असलं तरी बायकोचं ऐकू न आल्यासारखं करायचा. छकुलीला मोठ्या शाळेत घालायला चष्मेवालीने काय काय केलं होतं! तीन संचालकांना फुकट चष्मे, त्यांच्या सासवांनाही. मोठी शाळा म्हणजे काचेची दारं, प्रयोगशाळेत प्रत्येकाला स्वतंत्र टेबल, आणि गावातल्या झाडून सगळ्या डॉक्टर-वकिलांची पोरं. त्या पोरांत छकुली तिसावी यायची, कधी पस्तिसावी. मुलगी मंद होती असं मुळीच नाही. चांगली नेटकी, कष्टाळू पोर. पण तिच्यापुढे तीस जण होते आणि ते तीसही नेटके आणि कष्टाळूच होते, त्याला काय करणार?

त्या रात्री चष्मेवालीने नवऱ्याला सांगितलं, पोरीला त्या शाळेतून काढायची. नवऱ्याला वाटलं, हिला ताप आलाय. मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक तर हसलेच. म्हणाले, बाई, लोक इथे यायला रडतात आणि तुम्ही जाता? नात्यातल्या बायकांनी दुकान बुडालं असणार असा तर्क काढला आणि धीर द्यायला येऊन गेल्या. चष्मेवालीने कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. नियमाची बातमी बाहेर फुटायच्या आत तिला जागा पकडायची होती.

तिने निवडली ती टोकाची शाळा. बस जिथे संपते आणि वळून माघारी फिरते तिथे, गावाच्या वेशीला लागून. पत्र्याचं छप्पर, प्रयोगशाळा म्हणून एक कपाट, आणि त्याची किल्ली कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नाही. तिथल्या हेडबाईंना बारमाही सर्दी. त्यांनी नाक पुसत छकुलीचे मार्क पाहिले आणि दोनदा विचारलं की पत्ता चुकला नाही ना. इथून मुलं जातात हो, येत कोणी नाही, असंही म्हणाल्या. चष्मेवालीने गोड हसून सांगितलं की आम्हाला साधी माणसं आवडतात.

छकुली आठवडाभर रडली. तिच्या मैत्रिणी सुटल्या, तिचं टेबल सुटलं, आणि तिला कोणी कारणही नीट सांगेना. शेवटी चष्मेवालीने तिला समोर बसवून सगळा नियम समजावला. "तिथे तू तिसावी होतीस," ती म्हणाली. "इथे पहिली येशील आणि डॉक्टर होशील. अभ्यास तोच करायचाय, मार्कही तेवढेच पडायचेत. फक्त शेजारी कोण बसलंय ते बदललं." छकुलीने डोळे पुसले. पोर हुशार होती, तिला हिशेब पटला.

पहिली चाचणी झाली आणि छकुली दुसरी आली.

बरं, थोडक्यात हुकली असती तरी गोष्ट वेगळी. पण पहिल्या आलेल्या मुलीने तिला चांगलंच मागे टाकलं होतं. चष्मेवालीला कोणी भर बाजारात थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या पत्र्याखाली कोण बसलंय असं, कुठून आली ही बया? दुसऱ्या दिवशी दुकान नवऱ्यावर टाकून ती शाळा सुटायच्या वेळेला फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

त्या मुलीला सगळी शाळा मास्तरीण म्हणायची. तिच्या वर्गात गणिताच्या सरांनी काही सांगितलं की पोरं मान डोलवायची आणि मधल्या सुट्टीत मास्तरणीकडून समजून घ्यायची. उंच, काटकुळी, बाह्या मनगटाच्या वर गेलेल्या. भिंतीला टेकून ती चार-पाच जणांना काहीतरी वाचून दाखवत होती. बाप बसचा ड्रायव्हर, तीच शेवटच्या थांब्याची बस चालवायचा. आई लहानपणीच गेलेली.

चष्मेवाली बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांनी सवयीने आपलं काम सुरू केलं. पोरगी पुस्तक हात लांब करून धरते. मध्येच नाकाच्या मुळाशी चिमटा काढते. पापण्या घट्ट मिटून उघडते. आणि दमून वर पाहिलं की डावा डोळा हळूच नाकाकडे सरकतो, क्षणभर, मग परत जागेवर येतो. चष्मेवालीला खुर्ची लागली नाही की भिंग लागलं नाही. प्लस नंबर, डाव्या डोळ्याला जास्त, आणि जन्मापासूनचा.

असल्या डोळ्यांचं एक आहे, कोणाच्या लक्षात येत नाहीत. लांबचं स्वच्छ दिसतं, फळा दिसतो, आकाशातली घार दिसते. शाळेत दरवर्षी तपासणीला येणारे लोक लांबून अक्षरं वाचायला लावतात, त्यात मूल पास. जवळचंही वाचता येतं, नाही असं नाही, पण जोर लावून. भरलेली बादली हात लांब करून धरावी तसं. थोडा वेळ कोणीही धरील. मग हात कापायला लागतो, डोकं ठणकतं, ओळी एकमेकींवर चढतात. पोरीला वाटत असणार, वाचन म्हणजे असंच असतं, सगळ्यांचंच डोकं दुखतं. एक चष्मा लावला की संपलं. दहा मिनिटांचं काम.

चष्मेवालीला पहिल्यांदा वाईटच वाटलं, खोटं कशाला बोला. तोंड उघडलंसुद्धा तिने. मग छकुली फाटकातून बाहेर आली, दुसरी आलेली छकुली, आणि चष्मेवालीने उघडलेल्या तोंडाने लेकीला हाक मारली.

दुकानाचा एक नियम होता, तिच्या वडिलांनी घालून दिलेला. माणूस आपणहून खुर्चीत बसल्याशिवाय त्याच्या डोळ्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. रस्त्यात गाठून कोणाला तुझे डोळे अधू आहेत म्हटलं, तर तो उपकार मानत नाही, शिवी समजतो. हा नियम चष्मेवालीने जन्मभर मोडला होता. बँकेतल्या बाईला रांगेत उभं राहून सांगितलं होतं. न्हाव्याला तर सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाली होती की माझ्या नवऱ्याचा कान जायच्या आधी चष्मा घे. पण त्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या तिला वडील आठवले, त्यांचा नियम आठवला, आणि नियम पाळलेला बरा असं तिला मनापासून वाटू लागलं.

पुढच्या आठवड्यात तिने मास्तरणीला घरी बोलावलं. दुकानाच्या वर त्यांची राहती खोली होती, खिडकीशी मोठं टेबल, चांगला दिवा. तुझ्या घरी एकटीच असतेस ना, मग इथे येत जा, दोघी मिळून अभ्यास करा, बाबांची शेवटची फेरी झाली की ते घेऊन जातील. पोरगी हरखून गेली. तिला एवढ्या मायेने कोणी बोलावलंच नव्हतं. काकू, काकू करत ती रोज संध्याकाळी यायची. चष्मेवाली दूध द्यायची, बिस्किटं द्यायची, अंडं उकडून द्यायची. आणि मास्तरीण छकुलीला शिकवायची, अगदी जीव ओतून. छकुलीला मोठ्या शाळेत स्वतंत्र टेबलावर जे डोक्यात शिरलं नव्हतं ते इथे शिरू लागलं. दोघींची गट्टी जमली, ती मात्र खरी. टोकाच्या शाळेत छकुलीशी बोलायला कोणी नव्हतं, मास्तरणीनेच तिला आपल्या बाकावर घेतलं होतं.

संध्याकाळ चढत गेली की मास्तरणीचं कपाळ ठणकायला लागायचं. ती दोन बोटांनी भुवया दाबून धरायची. मग चष्मेवाली बामची बाटली घेऊन यायची, तिचं डोकं मांडीवर घ्यायची आणि हलक्या हाताने कपाळाला चोळून द्यायची. पोरगी डोळे मिटून पडून राहायची. एकदा म्हणाली, काकू, तुमच्या हाताला गुण आहे. चष्मेवालीचा हात थांबला नाही. दहा मिनिटांत पोरगी पुन्हा पुस्तकाला भिडायची.

ड्रायव्हर लोकांना दरवर्षी डोळे तपासून दाखला न्यावा लागतो. मास्तरणीचा बाप त्यासाठी त्याच खुर्चीत येऊन बसला. अंधारात त्याचीही जीभ सुटली. म्हणाला, ताई, तुमचे उपकार कसे फेडू? पोरगी तुमचंच नाव घेते उठता बसता. तेवढं तिचं डोकं फार दुखतं हो संध्याकाळचं. एकदा तिचेही डोळे बघाल का?

"रोज बघते की मी तिला," चष्मेवाली म्हणाली. "अभ्यासाचं वय आहे, डोकं दुखणारच. तुम्ही निर्धास्त राहा."

तो निर्धास्त झाला. डोळ्यांचं माणूसच सांगतंय म्हटल्यावर आणखी कोणाला विचारायचं? त्याचे स्वतःचे डोळे उत्तम होते, तिने तसा दाखला लिहून दिला.

नवरा एकदा काय तो बोलला. जिन्यात मास्तरीण त्याला भेटली असेल, आणि भिंगं घासण्यात का होईना, त्याचा जन्म गेला होता. जेवताना पुटपुटला की त्या पोरीला एकदा खुर्चीत बसवायला हवं. चष्मेवालीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचा घास न चावताच गिळला.

पण छकुलीचं तसं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात वाढलेली पोर, नजर आईची. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, मास्तरीण गेल्यावर, ती टेबल आवरता आवरता म्हणाली, "आई, तिचा डावा डोळा आत वळतो. वाचून दमली की."

चष्मेवाली दूध गाळत होती. "हो का?"

"तू बघितलंच असशील."

"आपल्या दुकानाचा नियम आहे. खुर्चीत बसल्याशिवाय बोलायचं नाही."

"मग बसव ना तिला."

चष्मेवालीने गाळणी खाली ठेवली. "बसवू," ती म्हणाली. "परीक्षा होऊन जाऊ दे."

 छकुलीने पेला घेतला, खिडकीशी जाऊन उभी राहिली, सावकाश दूध संपवलं आणि पेला विसळून ठेवला. चष्मेवालीला वाटत होतं, आता ही भांडेल, रडेल, मैत्रिणीसाठी हट्ट धरून बसेल. तिने मनातल्या मनात उत्तरंही तयार ठेवली होती. ती लागलीच नाहीत.

दोन-तीन दिवसांनी चष्मेवाली बिस्किटं घेऊन वर आली तेव्हा मास्तरीण मोठ्याने वाचत होती. छकुली खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, मला ऐकलं की चांगलं लक्षात राहतं, तू वाच. त्या दिवसापासून तेच सुरू झालं. धडेच्या धडे मास्तरीण वाचायची. आवाज बसेपर्यंत, डोळे लाल होईपर्यंत. वाचता वाचता ओळ सुटली की स्वतःलाच हसायची. छकुली मिटल्या डोळ्यांनी गोड आवाजात म्हणायची, अगं पुन्हा वाच ना तेवढं. बशी हातात घेऊन चष्मेवाली दारातच उभी राहिली. हे तिने लेकीला शिकवलं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी असंही वाटलं की आता ही येईल पहिली. दोन्ही एकदमच वाटलं. तिने आत जाऊन बशी ठेवली.

नियम एव्हाना जगजाहीर झाला होता. हेडबाईंनी सर्दीभरल्या आवाजात सगळ्या शाळेपुढे सांगून टाकलं की आपली मास्तरीण डॉक्टर होणार. शाळेतलं पहिलंच मूल. शिपायानेसुद्धा तिला डॉक्टरीणबाई म्हणायला सुरुवात केली. मास्तरीण लाजायची आणि छकुलीला हळूच म्हणायची, तुला खुल्या जागांमधून मिळेल बघ, तुझा पाया मोठ्या शाळेतला आहे. मग दोघी एकाच कॉलेजात. हे ती खरंच मानत होती. छकुली हो म्हणायची.

परीक्षेचे पेपर तीन-तीन तासांचे. चष्मेवाली रोज थर्मासमध्ये कॉफी घेऊन फाटकापाशी उभी, दोघींसाठी. पहिले दोन तास मास्तरणीचे होते, त्यात तिचा हात कोणी धरला नसता. तिसऱ्या तासाला अक्षरं पोहायला लागायची. ती बाहेर यायची ती तळहात कपाळावर दाबूनच, डोळे लाल, डावा डोळा पार नाकाशी गेलेला. शेवटचा प्रश्न राहिला काकू, अक्षरं एकावर एक चढत होती. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चष्मेवाली म्हणायची, ताण घेतलास तू, कॉफी पी. आणि ती प्यायची.

निकाल लागला. छकुली पहिली. फार नाही, थोड्याच मार्कांनी, पण थोडं काय नि फार काय? हेडबाईंनी तीनदा पुन्हा पाहिलं, मग नाक पुसलं ते बराच वेळ पुसत राहिल्या. मास्तरीण दुसरी. खुल्या जागांमध्ये तिचे मार्क कुठच्या कुठे राहिले. तिथे वर होती ती काचेच्या दारांच्या शाळेची तीसच्या तीस पोरं, त्यांच्या प्रयोगशाळा आणि त्यांच्या खासगी शिकवण्या. तेवढेच मार्क छकुलीने तिथे मिळवले असते तर तिलाही कोणी विचारलं नसतं. इथे मिळवले म्हणून ती डॉक्टरकीला लागली. चष्मेवालीने हे दोन वर्षांपूर्वीच ताडलं होतं, आणि निकालाच्या दिवशी तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. कॉलेजात प्रवेश झाला, वसतिगृहाची खोली मिळाली, नातलग पेढे मागायला आले. दुकान बुडालं म्हणणाऱ्या बायका आता आपापल्या पोरांसाठी टोकाच्या शाळा शोधत होत्या.

मास्तरीण अभिनंदन करायला आली होती. छकुलीच्या गळ्यात पडून रडली, पण चांगलं बोलली. सुट्टी संपता संपता पुन्हा आली ती दुकानात. तिला औषधांच्या गोदामात काम मिळालं होतं, डब्यांवरची बारीक लेबलं तपासायचं. त्यांना डोळ्यांचा दाखला हवा होता.

"बस," चष्मेवाली म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आपणहून आली होती.

अंधाऱ्या खोलीत तिने पोरीच्या नाकावर सांगाडा चढवला, हातात बारीक अक्षरांचा कागद दिला, कागदापुरता छोटा दिवा लावला आणि एकेक भिंग घालत गेली. हे बरं की हे बरं? हात चोख काम करत होते. तिला सवयच नव्हती वाईट काम करायची, त्या खोलीत तरी. शेवटचं भिंग बसलं आणि मास्तरणीने लांब धरलेला कागद जवळ घेतला. 

"काकू, अक्षरं हलत नाहीत," ती म्हणाली. "सगळ्यांना असंच दिसतं?"

"हो."

"दिवसभर?"

"हो ग. अभ्यास फार झाला ना, त्याने होतो असा नंबर."

मास्तरणीने कागद मांडीवर ठेवला. अंधारात तिचं तोंड दिसत नव्हतं. "प्लस नंबर अभ्यासाने होत नाही, काकू. डोळाच जन्मतः आखूड असतो. तो धडा मीच छकुलीला वाचून दाखवला होता. मला वाटलं, ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्याबद्दल आहे तो."

चष्मेवालीने खोलीतला मोठा दिवा लावला. नको होता लावायला, पण हात आपोआप गेला. दारात छकुली उभी होती, हातात फडकं आणि कोणाची तरी फ्रेम. दुसऱ्या दिवशी ती वसतिगृहावर जाणार होती.

"तुम्हाला कधी कळलं?" मास्तरणीने विचारलं.

चष्मेवालीच्या तोंडाशी वडिलांचा नियम आला होता.  तिच्या वतीने छकुलीच बोलली.

"आईला पहिल्याच दिवशी कळलं असणार. तिला रस्त्यावरच्या माणसाचा नंबर कळतो."

"आणि तुला?"

"मला नंतर कळलं. गेल्या वर्षी."

"मग बोलली का नाहीस?"

छकुलीने फ्रेम उजेडात धरून पाहिली आणि एका कोपऱ्यात पुन्हा फडकं फिरवलं. "एकच जागा होती ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, लाज नव्हती. किती वाजले विचारल्यावर सांगावं तसं तिने सांगितलं.

मास्तरणीने दोन्ही हातांनी तो लोखंडी सांगाडा काढला. आता ही फेकून मारेल, असं चष्मेवालीला वाटलं. मारला असता तर बरं झालं असतं. पण पोरीने तो जपून टेबलावर ठेवला, भिंगं खाली न येतील असा.

"दाखला द्याल ना काकू?" ती म्हणाली. "उद्या कामावर हजर व्हायचंय."

चष्मेवालीने दाखला लिहिला. चष्मा लावल्यावर दृष्टी निर्दोष, असं लिहिलं आणि सही केली. चष्मा तयार झाला तेव्हा तो न्यायला बाप आला. पोरीने त्याला काही सांगितलं नव्हतं. तुम्ही होतात म्हणून ताई, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि नवरा मागच्या बाजूला भिंग नसलेलं यंत्र उगाच फिरवत बसला.

छकुलीची बॅग भरताना चष्मेवाली वाट बघत होती. पोर काहीतरी बोलेल. तू असं का केलंस विचारेल, निदान रडेल. ती रडली असती तर आईने तिला पोटाशी धरून सांगितलं असतं, तुझ्यासाठी केलं सगळं, पाप माझं, तू विसरून जा. छकुलीने विचारलं ते एवढंच, की निळा टॉवेल वाळला का.

पहिलं वर्ष ती फारशी घरी आली नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आली ती आठ दिवसांसाठी. अंगाने भरली होती, केस कापले होते, बोलणं कमी झालं होतं. तिकडचे शिक्षक म्हणतात की हिची नजर फार तयार आहे, असं नवऱ्याने कुठूनसं ऐकून आणलं. पेशंट दारातून आत येताना काय झालंय ते हिला कळतं. चष्मेवालीने गिऱ्हाइकांना ते चारचौघांत सांगितलं.

सकाळी दोघी मायलेकी टेबलाशी बसल्या होत्या. छकुली पावाला लोणी लावत होती. चष्मेवाली बोलत होती, दुकानाचं, शेजारणीचं, असंच काही. उजवा हात टेबलावर होता. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की छकुली त्या हाताकडे बघते आहे. अंगठ्याकडे, त्याच्या शेजारच्या बोटाकडे. अंगठा आपला आपण बारीक हलत होता, हे तिच्या स्वतःच्या लक्षातही आलं नव्हतं. छकुलीची नजर तिथे टेकली, क्षणभर तशीच राहिली, मग वर आली आणि पावाकडे गेली.

चष्मेवाली बोलायची थांबली. असं बघणं तिला नवीन नव्हतं.

"काय ग?"

"कुठे काय?"

"हाताकडे काय बघत होतीस?"

"काही नाही," छकुली म्हणाली आणि लोणी पार कडेपर्यंत नीट पसरवलं.

"खरं सांग मला. मी आई आहे तुझी."

छकुलीने तिच्याकडे पाहिलं. नजर शांत होती, थोडी प्रेमळसुद्धा. "मी अजून शिकतेय आई," ती म्हणाली. "आत्ताच कशाला काही बोलायचं? तू खा."

चष्मेवालीने हात टेबलाखाली मांडीवर नेला आणि दुसऱ्या हाताने तो घट्ट धरून ठेवला. मग डाव्या हाताने पाव उचलून ती खाऊ लागली.